बावीस सामन्यांचा क्वार्टरबॅक

“सात! अजिंक्यपदाच्या सात अंगठ्या आहेत ब्रेडीकडे! हाताला बोटं पाच आणि अंगठ्या सात. आता बोल!” ह्यूई सॅटरव्हाइटनं खुर्चीच्या हातावर अशी थाप मारली की आरशाखालच्या बाटल्या किणकिणल्या.

“ह्यूई, मी इथं वस्तरा धरलाय,” क्लिफ्टन न वळता म्हणाला. “लेमची मान कापली गेली तर त्याच्या बायकोला तू जाऊन सांगायचंस.”

खुर्चीत लेम्युएल गँट डोळे मिटून बसला होता. पंचाहत्तर वर्षांचा, लांब हाडांचा माणूस. अडतीस वर्षं त्यानं बसडेपोत इंजिनं दुरुस्त केली होती आणि गेली कित्येक वर्षं दर शनिवारी सकाळी तो याच खुर्चीत येऊन बसत होता. भोवती वाद चालू असायचा, नेहमी तोच. अमेरिकन फुटबॉलमधला आजवरचा सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक कोण? चेंडू ज्याच्या हातात, डाव ज्याच्या डोक्यात, जिंकलं तर ज्याचा पुतळा आणि हरलं तर ज्याला शिव्या, तो क्वार्टरबॅक. मोनोन्गहेला नदीच्या काठच्या या गावांत माणसं चर्चमध्ये एक वेळ खोटं बोलतील, पण या विषयावर नाही. लेम मात्र या वादात कधी पडत नसे. त्याला खेळाची आवड नाही, असंच बाकीच्यांना वाटे.

“अंगठ्या काय सांगता?” तारिक म्हणाला. तो इस्पितळात नर्स होता आणि रात्रपाळी संपवून तसाच दुकानात आला होता. “माहोम्स बघा. चारीकडून अंगावर येतात, हा पळता पळता, मान दुसरीकडे वळवून फेकतो आणि चेंडू बरोबर जागेवर.”

“सर्कस आहे ती.”

“दोघंही चूक,” क्लिफ्टननं निकाल दिला. “युनायटस. आपल्याच गावाकडचा. पिट्सबर्गच्या संघानं त्याला एक डाव न खेळवता घरी पाठवला, तर गडी सामन्याला सहा डॉलर घेऊन खडकाळ मैदानावर खेळत राहिला. आणि डाव कोण ठरवायचं? तो स्वतः. आताच्यांना हेल्मेटात कानाशी सांगायला माणूस लागतो.”

“बरं, लमार?” तारिकनं विचारलं.

ह्यूईनं हात झटकला. “लमारचे पाय सोन्याचे आहेत, कबूल. पण क्वार्टरबॅकला डोकं लागतं रे. टीव्हीवर तो एक जण बोलला होता ना सुरुवातीला, याला पळायला लावा, पास झेलायला लावा. काही चुकीचं नव्हतं त्याचं. असल्या पोराला वेळीच दुसऱ्या जागेवर—”

“काय म्हणालास?”

लेमनं डोळे उघडले होते. क्लिफ्टननं वस्तरा झटकन मागे घेतला.

“अरे, मी आपला सहज—”

“असल्या पोराला म्हणजे कसल्या?” लेम आरशातूनच त्याच्याकडे बघत होता. “तुझी स्वतःची कातडी कुठल्या रंगाची आहे, ह्यूई? आरसा समोर आहे, बघून सांग.”

“लेम, खेळाची गोष्ट चाललीय—”

“अडुसष्ट साली डेन्व्हरला आपल्यातल्या मार्लिन ब्रिस्कोनं चौदा टचडाउनचे पास फेकले. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेवर कुणी उभंसुद्धा केलं नाही. लांब बफेलोला जाऊन त्याला दुसऱ्याचे पास झेलावे लागले. वॉरन मूनला तर कुणी बोलावलंच नाही. कॅनडात जाऊन खेळला. का? डोकं नव्हतं म्हणून? पन्नास वर्षं ते लोक जे बोलत आले तेच तू इथं, आपल्याच दुकानात, फुकट बोलतोस? त्यांना निदान त्याचे पगार मिळत होते!”

लेमच्या तोंडून एका दमात एवढे शब्द तिथं कुणी ऐकलेले नव्हते. ह्यूई या गावात चाळीस वर्षांपूर्वी पोस्टमन म्हणून आलेला. त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. क्लिफ्टनला होतं. त्याच्या वडिलांनी याच खुर्चीत लेमचे केस कापले होते. पण लेमला तो विषय काढलेला खपत नाही, हे वडिलांनी त्याला बजावून ठेवलेलं. विषय बदलावा म्हणून क्लिफ्टननं घाईघाईनं खिडकीतलं पत्रक उचललं.

“हे बघा, आज थोड्याच वेळात, सामन्याआधी, शाळेच्या मैदानावर फलक उघडतायत. शाळेचे सगळे क्वार्टरबॅक, शंभर वर्षांचे. तारिक, वाच जरा.”

हेतू चांगला होता. तारिक एकेक साल वाचत गेला. पासष्ट आणि सहासष्टवर आला.

“एकोणीसशे पासष्ट, सहासष्ट. दोन्ही वर्षं अजिंक्य. डेनी ओर्साटी.”

“पुन्हा वाच,” लेम म्हणाला.

तारिकनं वाचलं. मग पान उलटून तो म्हणाला, “अरे, मिस्टर गँट, तुमचंही नाव आहे की मागे! ‘इतर उल्लेखनीय खेळाडू. लेम्युएल गँट, बचावफळी.’ तुम्ही खेळायचात? कधी बोलला नाहीत!”

लेमनं गळ्याभोवतीचं कापड स्वतःच सोडलं. एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच.

“लेम, अर्धंच झालंय,” क्लिफ्टन म्हणाला.

लेमनं टोपी चढवली, पत्रक तारिकच्या हातातून काढून घेतलं आणि दार ढकलून तो बाहेर पडला.

शाळा टेकडीवर. वर जायला दोनशे काँक्रीटच्या पायऱ्या, आणि लेमचा डावा गुडघा अडुसष्ट सालापासून पुरा वाकत नव्हता. तारिक मागून गाडी घेऊन येतो म्हणाला, पण लेम थांबला नाही. प्रत्येक पायरीला गुडघ्यात कळ येत होती आणि ती कळ त्याला आज हवीच होती.

बावीस सामने. दोन हंगाम, बावीस सामने, एकही हार नाही. बावीसही वेळा चेंडू त्याच्या हातात होता. त्या काळात काळ्या पोराला ही जागा कुणी देत नसे, पण प्रशिक्षक व्हुकोविचनं दिली. व्हुकोविच काही संत नव्हता. त्याला रंग दिसत नव्हता असंही नाही, पण हार त्याला त्याहून वाईट दिसायची. डेनी ओर्साटी तेव्हा बाकावर असायचा. सामना तीस गुणांनी जिंकल्यात जमा झाला की शेवटची पाच मिनिटं त्याला आत सोडायचे, त्याच्या आईला फोटो काढता यावा म्हणून.

मग सदुसष्टचा ऑगस्ट. दूरच्या विद्यापीठानं शिष्यवृत्ती देऊन बोलावलं. पहिल्या दिवशी शिट्टी झाली, जागेप्रमाणे रांगा करायला सांगितलं. लेम क्वार्टरबॅकच्या रांगेत उभा राहिला. रांगेत पाच जण, चार गोरे आणि तो. सहायक प्रशिक्षक आला, त्यानं लेमच्या खांद्यावर हात ठेवला. ओरडला नाही. अगदी मायेनं म्हणाला, “तुझे पाय चांगले आहेत, पोरा. डोकं चालवायला आमच्याकडे माणसं आहेत.” आणि त्याला चालवत चालवत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बचावफळीच्या रांगेत नेऊन उभं केलं.

आणि लेम गेला. हेच त्याला आयुष्यभर खात आलेलं होतं. तो चाळीस पावलं चालत गेला आणि एक शब्द बोलला नाही. वडिलांनी बसमध्ये बसवताना सांगितलं होतं, “मान खाली घाल, जेवण फुकट आहे, शिकून घे.” दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात गुडघा फुटला, शिष्यवृत्ती गेली, आणि तो घरी परतला. आल्या आल्या त्यानं परसातल्या पिंपात शाळेचं जाकीट, कात्रणं, फोटो, सगळं टाकलं आणि रॉकेल ओतलं. आई दारात उभी राहून रडत होती. वडील अडवायला पुढे झाले नाहीत.

विद्यापीठातल्या लोकांनी पुढचं सगळं काढून घेतलं ते घेतलं. त्याची चीड गिळून तो जगला, बसेस दुरुस्त केल्या, मुलगी वाढवली. पण आता हे लोक मागे हात घालून झालेलंही काढून घेत होते. विद्यापीठात त्याला जे जबरदस्तीनं केलं, तेच तो पहिल्यापासून होता असं ठरवून टाकत होते. शेवटच्या पायरीवर पोचल्यावर तो दम घ्यायलाही थांबला नाही.

मैदानावर निम्मं गाव जमलं होतं. सॉसेज भाजल्याचा वास होता, शाळेचा बँड सूर जुळवत होता. नव्या गुणफलकाच्या शेजारी निळ्या कापडानं झाकलेला फलक, आणि समोर खुर्च्यांची रांग. पहिल्या खुर्चीत डेनी ओर्साटी, शाळेच्या रंगाचा कोट घालून. तीन गावांत त्याच्या मोटारविक्रीच्या पेढ्या होत्या, आणि गुणफलक त्यानंच देणगी दिलेला. त्याच्या शेजारी रे कुझनियार, मोठ्या पोटाचा, काठी टेकून बसलेला. रे म्हणजे तेव्हाचा सेंटर. समोर वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हातात देणारा गडी. बावीस सामने त्यानं चेंडू कुणाच्या हातात दिला हे त्याच्याइतकं या पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

समितीच्या मिसेस स्टोफ्कोंनी माइक घेतला. कापड खाली आलं, टाळ्या झाल्या. “आणि आज आपल्यात आहेत,” त्या म्हणाल्या, “अजिंक्य संघाचे क्वार्टरबॅक, श्री. डेनी ओर्साटी!”

डेनी उठला. लेम कुंपणाशी उभा होता. त्यानं स्वतःला बजावलं, थांब. माणूस आहे, सांगेल. अठ्ठावन्न वर्षांनी तरी सांगेल.

डेनीनं माइक घेतला. “ते दिवस वेगळे होते,” तो म्हणाला. “आम्ही सगळे भाऊ होतो. धन्यवाद.” आणि बसला. रे कुझनियार जमिनीकडे बघत होता, पण टाळ्या वाजवत होता.

लेम कुंपणाचं फाटक उघडून आत आला. कुणी अडवलं नाही. म्हातारा काळा माणूस, काही काम असेल असंच वाटलं असणार. तो सरळ डेनीसमोर जाऊन उभा राहिला.

“डेनी.”

डेनीनं वर बघितलं. ओळखायला क्षण लागला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. “लेम! अरे, किती वर्षांनी—”

“तुझं नाव माझ्या जागेवर कसं?”

“हे बघ, यादी मी नाही केली—”

“वाचली तर होतीस?”

डेनीनं कोटाचं बटण चाचपलं.

“सामन्याची शेवटची पाच मिनिटं खेळायचास तू. जिंकून झाल्यावर! मुंग्यांनी वारूळ करायचं आणि नागोबानं येऊन बसायचं, तसला तू. आणि वर सगळे भाऊ होतो म्हणतोस? भावाचं नाव आठवलं नाही तुला?”

“लेम, हळू बोल. माझी नातवंडं बसलीयत मागे.”

“मग ऐकू देत त्यांना! माझीही मुलगी आहे. तिला तर माहीतच नाही काही!”

मिसेस स्टोफ्को धावत आल्या. ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, सभ्य बाई. “सर, काय झालं? मी यादी नोंदींवरूनच केलीय. तुमच्या विद्यापीठाच्या पुस्तिकेत तुमची जागा बचावफळी अशीच आहे, म्हणून शाळेतलीही तीच असणार असं मी धरलं. इथली जुनी वर्तमानपत्रं पुरात गेली. तुमच्याकडे काही पुरावा असेल, कात्रण, फोटो, तर आणून द्या. आम्ही जरूर बघू.”

पुरावा. लेमला हसू आलं, आणि ते हसू ऐकून बाई मागे सरकल्या.

“जाळला,” तो म्हणाला. “माझ्याच हातांनी जाळला.”

त्यानं त्यांच्या हातातला माइक घेतला. तो चालू होता. लेमचा श्वास सगळ्या मैदानावर ऐकू आला आणि बँड आपोआप थांबला.

“माझं नाव लेम्युएल गँट,” तो म्हणाला. “पासष्ट आणि सहासष्ट, बावीस सामने, मी इथं क्वार्टरबॅक होतो. पुरावा नाही. पण सहासष्टचा शेवटचा सामना मला पाठ आहे. चार मिनिटं उरलेली, आपण तीन गुणांनी मागे, चेंडू आपल्याच टोकाला, वीस यार्डांवर, पुढे ऐंशी यार्ड जायचे. डावीकडे टेकाक, त्याच्या शेजारी मोठा बाबिच, उजवीकडे मॅकलेंडन, देव त्याला शांती देवो, तो व्हिएतनामात गेला. मागे विली पेटवे. आणि समोर वाकलेला, हा.” त्यानं रेकडे बोट दाखवलं. “हा इथं बसलेला. बारा डाव. बाराही मी ठरवले, कारण व्हुकोविचचा आवाज बसला होता आणि तो मला म्हणाला, तुझं तू बघ. माझं मी बघितलं. शेवटचा चेंडू विलीला फेकला, कोपऱ्यात. आपण जिंकलो. डेनी ओर्साटी बाकावर बसला होता आणि त्याच्या अंगावर एक डाग नव्हता.” तो थांबला. “मला फलकाचं काही नको. पण मला जिवंतपणी पुसू नका.”

कुणी टाळी वाजवली नाही. कुंपणापाशी तारिक हातात फोन धरून उभा होता.

मग काठीचा आवाज आला. रे कुझनियार उठत होता. त्याला उठायला बराच वेळ लागला.

“तो खरं बोलतोय,” रे म्हणाला. माइक नव्हता, पुढच्या रांगांनाच ऐकू गेलं. “चेंडू मीच द्यायचो. त्याच्याच हातात.”

लेम त्याच्याकडे वळला. डेनीवर जेवढा राग आला होता त्याच्या दुप्पट आता उसळून आला. “यादी कधी बघितलीस, रे?”

“ऑगस्टमध्ये.”

“आणि?”

“डेनीनं गुणफलक दिला होता. आणि तू... तू कधी आला नाहीस. कुठल्या मेळाव्याला नाही, कशाला नाही. मला वाटलं तुला काही पडलेलं नाही.”

“मला काय पडलंय ते माझ्या दारात येऊन विचारायचं होतंस! नदीपलीकडे राहतो मी. पूल ओलांडला की घर. अठ्ठावन्न वर्षं पूल तिथंच आहे!”

रेचे ओठ हलले. “चुकलं,” तो म्हणाला.

“हो,” लेम म्हणाला. “चुकलं.”

त्यानं हात पुढे केला नाही. रेनं केला होता. तो तसाच हवेत राहिला. लेमनं माइक मिसेस स्टोफ्कोंना अदबीनं परत दिला. पंचाची शिट्टी झाली, पोरं मैदानावर धावली, आणि लोकांनी सुटल्यासारखे श्वास सोडले. बाई मागून म्हणत होत्या, “मिस्टर गँट, श्री. कुझनियार यांनी लिहून दिलं तर सोमवारी समितीपुढे...” लेम फाटकाबाहेर पडला होता.

या वेळी तारिकनं गाडीचं दार उघडून धरलं तेव्हा तो बसला. घर आल्यावर तारिक म्हणाला, “मिस्टर गँट, मी सगळं फोनवर घेतलं. लोकांना पाठवू का? तुम्ही नको म्हणालात तर पुसून टाकतो.”

“पुसू नकोस,” लेम म्हणाला.

बायकोनं, एर्नेस्टीननं, शेंगा आणि डुकराच्या हाडांचं सूप केलं होतं. तिला आधीच तीन फोन येऊन गेले होते. पन्नास वर्षांचा संसार. तिनं वाडगा त्याच्यापुढे ठेवला आणि मक्याच्या पावाचा तुकडा. लेम जेवायला बसला, पण चमचा हातात धरून तो टेबलाकडेच बघत राहिला. राग अजून उतरला नव्हता. डेनीला अजून काय बोलता आलं असतं ते त्याला आता सुचत होतं, एकापेक्षा एक धारदार.

फोन वाजला. क्लीव्हलँडहून कॅमिल, त्यांची मुलगी. सत्तेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते.

“डॅडी, मी बघितलं ते. मला गावातल्या माझ्या शाळेतल्या एकानं पाठवलं.” तिचा आवाज चिरका झाला होता. “तू मला का नाही सांगितलंस कधी? मी लहानपणी किती वेळा तुझ्या शेजारी बसून सामने बघितले. मी विचारायचे, हा असं का करतो, तो तसं का करतो. तू म्हणायचास, मला काय माहीत.”

“हं.”

“तुला सगळं माहीत होतं!”

“हो.”

“मला राग आलाय तुझा.”

“यायलाच हवा,” लेम म्हणाला.

मग कॅमिलनं नाक पुसल्याचा आवाज आला.

“बरं, मग सांग,” ती म्हणाली. “आता सांग. फेकताना कसं वाटायचं?”

सकाळपासून त्याच्याकडे प्रत्येकाला द्यायला उत्तर होतं. आता त्यानं चमचा खाली ठेवला. उजवा हात टेबलावर पालथा पडला होता. नखांच्या कडांत अडतीस वर्षांचं काळं वंगण कायमचं मुरलेलं. त्यानं तो हात उताणा केला आणि बोटं किंचित उघडली.

“हलकं,” तो म्हणाला. “हातातून सुटला ना की... हलकं.”

आणि फोन कानाला तसाच ठेवून तो त्या उघड्या हाताकडे बघत राहिला. एर्नेस्टीननं उठून त्याच्या हातातला फोन अलगद काढून घेतला.

“तो जेवतोय गं,” ती म्हणाली. “थोड्या वेळानं कर. सांगेल तो.”

आणि तिनं गार झालेला वाडगा उचलून पुन्हा शेगडीवर ठेवला.